विमानात हवेचा दाब कमी झाला तर?



३५ हजार फुटांवर हवा अतिशय विरळ असते, म्हणून विमानात दाबाने हवा भरतात. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात त्याची कळ चालू करायची राहिली. मास्क खाली आले. सुमारे ३० प्रवाशांना त्रास झाला, काहींच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान मुंबईला परतले.

उंचावर असे झाल्यास वैमानिक आधी स्वतः मास्क लावतात व विमान झपाट्याने १० हजार फुटांपर्यंत उतरवतात. तिथे मास्कविना श्वास घेता येतो. तोवर मास्कमधला प्राणवायू पुरतो.

३५ हजार फुटांवर मिनिटभरातच भान हरपते. म्हणून आई-वडिलांनी आधी स्वतःचा मास्क लावावा, मग मुलाचा. हा स्वार्थ नव्हे. आपण शुद्धीवर राहिलो तरच मुलाला वाचवू शकू. प्रवासापूर्वी हे घरी सर्वांना जरूर समजावून सांगावे, ही आमची विनंती.