कॉर्बिन्स कोव्हचे बंकर

पहिल्यांदा अंदमानला गेलो तो सावरकरांच्या कोठडीसाठी. आपल्याकडचे बहुतेक जण त्याच ओढीने जातात. कोठडीच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं, संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्याकडे निघालो. वाटेत, समुद्राच्या अंगाला, काळपट काँक्रीटचं एक बुटकं खोकं रेतीत रुतून बसलेलं दिसलं. गाडी थांबवायला सांगितली, तर चालक म्हणाला, “इधर कुछ नहीं है साब, बीच आगे है.” त्या ‘कुछ नहीं’साठी मी नंतर आणखी तीनदा अंदमानला गेलो.

सह्याद्रीतले किल्ले हिंडून ज्याचे पाय घडले, त्याचे डोळे तटबंदी दिसली की आपोआप जंग्या शोधू लागतात. इथेही तेच झालं. आपल्या किल्ल्यांवरची जंगी उभी आणि अरुंद असते. या जपानी बंकरची फट आडवी, रुंद. मागच्या बाजूचं दार इतकं ठेंगणं की माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसालाही कमरेत पार वाकावं लागतं. आत भरतीने आणून टाकलेली रेती, ओल, खेकड्यांची बिळं. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर फळ्यांचे आडवे ठसे दिसले. काँक्रीट ओतताना लावलेल्या त्या फळ्या. लाकडाची शीर न् शीर उमटली आहे. त्या ठशांवर मी किती वेळ हात फिरवत होतो कोण जाणे. फळ्या कुणी धरल्या, घमेली कुणी वाहिली, हे मनात आल्यावर हात काढवेना. कोपऱ्यात मुठीएवढ्या शंखाची एक गोगलगाय चिकटली होती. ही आफ्रिकी गोगलगायसुद्धा जपानी अमलातच बेटांवर आली म्हणतात. बंकर झिजत चालले, ती मात्र तिथल्या बागाईतदारांना आजही छळते.

फटीतून बाहेर पाहिलं की फक्त समुद्र दिसतो. काही बंकर आता तिरपे झालेत, काहींच्या पायाखालची रेती लाटांनी नेली आहे. डिसेंबर २००४च्या भूकंपात या भागाची जमीनच जवळपास मीटरभर खचली, त्यामुळे समुद्र आणखी जवळ आला आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. जपानी फौजा पोर्ट ब्लेअरला उतरल्या २३ मार्च १९४२ रोजी. इंग्रजांची पलटण त्याआधीच निघून गेली होती, त्यामुळे लढाई अशी झालीच नाही. बेटं परत इंग्रजांच्या हाती आली ती ऑक्टोबर १९४५मध्ये, जपानने शरणागती पत्करल्यावर. शहराचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं. माझ्या तोंडी जुनंच बसलं आहे.

समोरच्या रॉस बेटावर मात्र थोडं रेंगाळू द्या. आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १८५८पासून इंग्रजांचा सगळा कारभार या चिमुकल्या बेटावरून चाले. चर्च, बेकरी, छापखाना, नाचघर, पोहण्याचा तलाव, काय नव्हतं! जून १९४१च्या भूकंपाने त्याला हादरा दिला. मग जपानी आले आणि त्यांनी इथल्या इमारतींचं सामान बंकर बांधायला वापरलं. धक्क्यावर उतरताच त्यांचा एक बंकर सामोरा येतो. आत चर्चच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी असं कवटाळलंय, की झाड काढलं तर भिंत पडेल. हरणं बिनधास्त अंगणात चरतात. नाचघराचे फोटो सगळे काढतात, बंकरपुढे कुणी थांबत नाही.

मला सगळ्यांत अस्वस्थ करतं ते वेगळंच. हे बंकर समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी बांधले. समुद्रातून हल्ला करून बेटं जिंकायला कुणी आलंच नाही. जानेवारी १९४३मध्ये डेनिस मॅकार्थी, पूर्वी इथेच पोलीस अधिकारी असलेला माणूस, डच पाणबुडीतून मोजके साथीदार घेऊन उतरला आणि जंगलातून माहिती काढून निसटला. जपान्यांना तो सापडला नाही. हेरगिरीचा संशय आला तो बेटावर राहणाऱ्या साध्या माणसांवर. फटींची तोंडं समुद्राकडे होती आणि मेले ते पाठीमागचे.

डॉ. दिवाण सिंग ‘कालेपाणी’ हे पंजाबी कवी आणि डॉक्टर. त्यांना सेल्युलर जेलमध्ये डांबून हालहाल केले. २९ डिसेंबर १९४३ रोजी नेताजी आले, ३० तारखेला जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला, जेलही पाहिलं. त्याच जेलमध्ये दिवाण सिंग खितपत पडले होते, ते नेताजींच्या कानावर जपान्यांनी जाऊ दिलं नाही. १४ जानेवारी १९४४ रोजी दिवाण सिंग गेले. झेंडा फडकल्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, ३० जानेवारीला, हम्फ्रीगंज इथे ४४ नागरिकांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९४५मध्ये, अन्नधान्य संपत आलं तेव्हा, शेकडो ‘निरुपयोगी’ माणसांना बोटीत भरून हॅवलॉकजवळ समुद्रात ढकलून दिलं. आज त्याच हॅवलॉकला आपण मधुचंद्राला जातो. जाऊ नये असं मी म्हणणार नाही; पण माहीत असावं.

सेल्युलर जेलच्या सात पाख्यांपैकी तीनच उरलेत. आपण तिथे एक कालखंड पाहतो आणि दुसरा ओलांडून पुढे जातो. सावरकर बंदिवासात असलेल्या जेलमध्येच पुढे वीस-बावीस वर्षांनी दिवाण सिंगांनी प्राण सोडला, हे माझ्यासोबतच्या सहलीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही पहिल्या फेरीत नव्हतं.

तेव्हा अंदमानला जाल तर ओहोटीची वेळ विचारून कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला जा. खिशात बॅटरी असू द्या. आणि सहल ठरवतानाच टूरवाल्याला बजावून ठेवा, की हम्फ्रीगंजच्या स्मारकापाशी अर्धा तास थांबायचं आहे. नाहीतर तो सांगेल, तिथे काही नाही.