इंजिनाला दोष देण्याआधी रूळ तपासा: मॉडेल रेल्वेवाल्यांसाठी काही कामाच्या युक्त्या

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर', 'काय आहे ना' बरेचसे गाळलेत. सगळे गेले नाहीत, सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. "गाडी मध्येच थांबते", "एका कोपऱ्यात हळू होते", "सांध्यावरून डबे उतरतात", "इंजिन गेलं का?" हे प्रश्न दर आठवड्याला येतात. आणि त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महागात पडतो. कारण आपल्याकडे हे इंजिन बहुतेक वेळा बाहेरून मागवलेलं असतं, नाहीतर कुणीतरी परदेशातून येताना आणलेलं असतं. ते बिघडलं असं वाटलं की एकतर पुन्हा तेवढेच पैसे घालायचे, नाहीतर सगळा सेट खोक्यात भरून माळ्यावर टाकायचा. माळ्यावर गेलेली गाडी सहसा परत खाली येत नाही. म्हणून आज सांगायचंय ते एवढंच: इंजिन शेवटी बघा, रूळ आधी बघा.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे ॲप चालेना झालं की पहिली शिवी सर्व्हरला बसते, आणि पुष्कळदा दोष मधल्या नेटवर्कमध्ये निघतो. इथेही तसंच आहे. पॉवर पॅक आणि इंजिन यांच्यामधलं नेटवर्क म्हणजे रूळ.

पहिली तपासणी: दोष कुठे आहे?

साधं काम करा. रुळाचा एकच सुटा तुकडा घ्या, त्याला पॉवर पॅकच्या दोन वायरी थेट जोडा आणि इंजिन त्यावर पुढे-मागे करा. तिथे ते नीट चाललं, तर मोटर ठीक आहे. दोष उरलेल्या रुळांत आहे. पाच मिनिटांत अर्धा प्रश्न सुटतो.

डबे उतरत असतील तर नियम आणखी सोपा. सगळे डबे एकाच जागी उतरतात? रूळ तपासा. एकच डबा सगळीकडे उतरतो? त्या डब्याची चाकं तपासा.

दुसरी: बल्ब लावून व्होल्टेज मोजा

ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. पुष्कळजण मल्टिमीटर घेऊन रुळांवर टेकवतात, सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात, आणि मग म्हणतात, "वीज तर पोचतेय, म्हणजे इंजिनच गेलं." इथेच फसायला होतं. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. करंट नसेल तर खराब जोडातही व्होल्टेज पडत नाही. शाळेतला ओहमचा नियम, दुसरं काही नाही. गाडी धावायला लागली, करंट वाहायला लागला, की मग तो जोड आपला वाटा खातो.

म्हणून लोड लावून मोजायचं. बाइकच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब आणा. पूर्ण व्होल्टेजला तो साधारण ०.८ अँपिअर करंट घेतो. पॉवर पॅकवर १ अँपिअरपेक्षा कमी लिहिलं असेल तर ५ वॅटचा घ्या. बल्बला दोन वायरी आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा लावा. आता क्लिपा दोन रुळांना लावून त्याच जागी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर टेकवा. नॉब हळूहळू वाढवा, कारण थंड बल्ब सुरुवातीला बराच जास्त करंट ओढतो. आधी पॉवर पॅकची वायर जिथे रुळाला जोडलीय तिथे मोजा, मग तिथून सगळ्यात लांबच्या जागी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या रुळांनी खाल्लेली वीज. अर्धा व्होल्ट असेल तर चालेल. दीड-दोन व्होल्ट असेल तर गाडी तिथे धापा टाकणारच.

डोंबिवलीचे एक काका आहेत, आपले श्रोते. मुलाने आणलेला एचओ सेट त्यांनी ६ बाय ४ फुटी प्लायवर मांडलाय. बाल्कनीकडच्या कोपऱ्यात गेली की गाडी अडखळायची. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मोटर गेली, नवीन इंजिन घ्या. काका मला म्हणाले, "नातू मे महिन्यात येतोय, तोवर गुंडाळूनच ठेवतो." व्हिडिओ कॉलवर आम्ही बल्ब लावला. वायरीजवळ ११.६ व्होल्ट, बाल्कनीकडे ९.४. बल्ब काढला की दोन्हीकडे ११.९! म्हणजे इंजिन निर्दोष. दोन ठिकाणी नवीन वायरी जोडल्यावर तोच कोपरा ११.३ वर आला. खर्च वायर आणि सोल्डरचा. नातू येईपर्यंत गाडी धावत होती.

एक सूचना: हे मोजमाप साध्या डीसी सेटसाठी. डीसीसी असेल तर रुळांवर सतत उलटसुलट होणारा करंट असतो, साधा मल्टिमीटर तिथे बरोबर आकडा देत नाही. डीसीसीवाल्यांनी नाणं वापरा. लेआउटवर जागोजागी दोन रुळांवर नाणं आडवं टेकवा. सिस्टिमने लगेच ट्रिप व्हायला हवं. जिथे होत नाही, तिथे जोडणी कमजोर आहे. नाणं लगेच उचला, ठेवून देऊ नका.

वायरिंग: जॉइनरवर विसंबू नका

दोन रूळ जोडणारी ती छोटी पत्र्याची खोबण, म्हणजे जॉइनर, रूळ सरळ ठेवायला असते. वीज वाहून नेणं हे तिचं जोडकाम. ती सैल होते, आत मळ जातो. म्हणून प्लायच्या खालून दोन जाड वायरी फिरवा, लाल आणि काळी. घरच्या वायरिंगची १.५ एमएमची वायर पुरते. त्यातून दर दोन-तीन फुटांवर पातळ, अर्ध्या एमएमच्या वायरी वर काढून रुळाला बाहेरच्या बाजूने सोल्डर करा. गोल ट्रॅक असेल तर सोपं सूत्र धरा: बाहेरचा रूळ लाल, आतला काळा. कुठेही अदलाबदल झाली की थेट शॉर्ट.

सोल्डर करताना प्लास्टिकचे स्लीपर वितळतात ही तक्रार असते. उपाय: रूळ आधी घासून चकचकीत करा, जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, आयर्न पूर्ण तापू द्या आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. अर्धवट तापलेलं आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं आणि नुकसान त्यानेच होतं. फ्लक्स रोझिनचं घ्या, ॲसिडचं नको. वायर, आयर्न, फ्लक्स सगळं पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं.

मात्र सगळेच जोड सोल्डर करू नका. वळणावरचे करा, म्हणजे तिथे कोन पडत नाही. सरळ भागात अर्धा-एक मिलिमीटर फट ठेवा. रूळ उन्हाळ्यात वाढतात हे झालंच, पण आपल्याकडे त्याहून जास्त हलतं ते लाकूड. पावसाळ्यात प्लाय ओल धरून फुगतो, हिवाळ्यात आकसतो. म्हणून प्लाय वरून, खालून आणि चारी कडांना रंगवून घ्या. कडा विसरू नका, ओल तिथूनच शिरते.

रूळ कशाचे आहेत?

लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर रूळ स्टीलचे. कोकणात, मुंबईत एका पावसाळ्यात त्यांना गंज धरतो. नाही चिकटला आणि रंग रुपेरी असेल तर बहुधा निकेल सिल्व्हर. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्त. यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. (आजी ज्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणते ते अ‍ॅल्युमिनियम, ते वेगळं.) नवीन रूळ घेणार असाल तर निकेल सिल्व्हरच घ्या.

साफसफाईला पॉलिश पेपर वापरू नका. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्याच ओरखड्यांत घट्ट बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती पंचाचा तुकडा पुरे. खिडकी उघडी ठेवा, जवळ निरांजन-उदबत्ती नको, आणि रूळ वाळल्यावरच वीज चालू करा. चाकंही पुसा, नाहीतर तीच रूळ परत काळे करतात. प्लास्टिकची चाकं मळ जास्त पसरवतात. जमेल तेव्हा धातूची घाला.

चाकं आणि वजन

सांध्यावर डबा उतरत असेल तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओमध्ये ते साधारण १४.४ मिलिमीटर हवं. कमी-जास्त असेल तर चाक हलकेच फिरवत सरकवा.

हलका डबाही उतरतो. एचओसाठी अमेरिकेतल्या एनएमआरए संघटनेचं सूत्र आहे: १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. म्हणजे ६ इंची डबा ४ औंस, साधारण ११३ ग्रॅम. वजन वाढवायला टायरवाल्याकडची व्हील बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं उत्तम. डब्यात जितकी खाली लावाल तितकं बरं.

आणि शेवटी चढ

लोणावळ्याकडे जाताना मागून इंजिन लागतं हे सगळ्यांनी पाहिलंय. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे शंभराला २.७. खऱ्या गाडीला तिथे बँकर लागतात. मग आपल्या टेबलावर शंभराला ५ चा चढ टाकून इंजिन का घसरतं, असं विचारू नये. तो झाला माथेरानच्या गाडीचा, २० ला १ चा चढ, आणि ती गाडी छोटी असते. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण ७ सेंटिमीटर उंची लागते. शंभराला अडीचने चढलात तर त्यासाठी २.८ मीटर, उतरायला पुन्हा तेवढेच. ६ बाय ४ फुटी प्लायवरच्या पूर्ण फेरीची लांबीच साडेचार मीटरच्या आसपास. म्हणजे पूल बसतच नाही. जागा लहान असेल तर रूळ सपाट ठेवा आणि दरी खाली खोदा. थर्माकोल कापून नदी खाली न्या, पूल आपोआप उंच दिसतो.

कोथरूडचं १९९८ पासून सुरू असलेलं जोशी रेल्वे म्युझियम पाहून आलं की घरी पहिला हात डोंगर आणि बोगद्याला जातो. साहजिक आहे. पण क्रम असा ठेवा: आधी रूळ, मग वायरी, मग बल्ब लावून मोजमाप, मग दोन आठवडे नुसती गाडी चालवणं. खडी, डोंगर, स्टेशन, चहाची टपरी हे सगळं त्यानंतर. एकदा फेव्हिकॉलने खडी चिकटली की खालची वायर दुरुस्त करणं जिवावर येतं.

तर या रविवारी माळ्यावरचं खोकं खाली काढा. तीन-चार वर्षांपूर्वी 'इंजिन गेलं' म्हणून जे ठेवलंय, तेच. एक बल्ब आणा, दोन जागी मोजा आणि आकडे मला कळवा. पुढच्या भागात त्यातल्याच काही लेआउटबद्दल बोलू. भेटूया.