परक्या मैदानावरचे विजेते : क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलचा बास्केटबॉल संघ

अमेरिकेतील इंडियाना राज्यात शालेय बास्केटबॉलला असलेले स्थान लक्षात घेतल्याशिवाय इंडियानापोलिस शहरातील क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलच्या मुलांच्या संघाचा इतिहास नीट उलगडत नाही. १९११ पासून तेथे राज्य अजिंक्यपदाची स्पर्धा भरते. १९९७ पर्यंत या स्पर्धेत लहान-मोठ्या शाळांचे वेगळे गट नव्हते; आपल्याकडील शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी राज्यापर्यंत पोहोचते, तशाच पायऱ्या चढत खेड्यातील दीडशे मुलांच्या शाळेला आणि शहरातील अवाढव्य शाळेला एकाच अजिंक्यपदासाठी झुंजावे लागे, आणि एकदा हरलेला संघ बाद होई. या स्पर्धेच्या लोकशाहीवृत्तीचे गोडवे आजही गायले जातात, मात्र स्पर्धा चालवणाऱ्या राज्य संघटनेने कृष्णवर्णीयांच्या शाळांना १९४२ पर्यंत सदस्यत्वच दिले नव्हते, हे त्या कौतुकात सहसा येत नाही.

ॲटक्स ही अशीच एक शाळा होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत इंडियानापोलिसमधील कृष्णवर्णीय मुले इतरांबरोबर त्याच हायस्कुलांत शिकत असत; पुढे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचा राज्यात जोर वाढत असतानाच त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा उभारण्याचा निर्णय झाला आणि १९२७ मध्ये ती सुरू झाली. तिला राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे नाव देण्याचे घाटत होते, परंतु गुलाम बाळगणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलांच्या शाळेला नको, अशी भूमिका तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी घेतली. त्यामुळे १७७० मध्ये बॉस्टन येथे ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात बळी पडलेल्या क्रिस्पस ॲटक्स यांचे नाव शाळेला मिळाले. अन्यत्र दारे बंद असल्याने उच्च पदव्या घेतलेले शिक्षक येथे आले आणि वेगळे पाडण्यासाठी बांधलेली ही शाळा अध्यापनात मात्र नावाजली गेली.

खेळाची स्थिती निराळी होती. राज्य संघटनेची दारे बंद असल्याने संघाला लहान ग्रामीण शाळांशी किंवा दूरदूरच्या राज्यांतील कृष्णवर्णीय शाळांशी सामने खेळत हिंडावे लागे. शाळेचे व्यायामगृह इतके लहान होते की तेथे मोठा सामना भरवणे शक्यच नव्हते. ‘घरचे मैदान’ म्हणजे ओळखीची जमीन आणि आपले प्रेक्षक ही जी जमेची बाजू प्रत्येक संघाला असते, ती ॲटक्सला जवळपास नव्हतीच. या उणिवेतूनच पुढे एक अनपेक्षित गोष्ट घडली. पन्नाशीच्या दशकात संघ गाजू लागल्यावर त्याचे सामने बटलर विद्यापीठाच्या सुमारे पंधरा हजार आसनांच्या क्रीडागृहात होऊ लागले आणि शहरातील गोरे व काळे लोक एका छताखाली बसून तेच सामने पाहू लागले.

हा बदल १९५० मध्ये प्रशिक्षक झालेल्या रे क्रो यांच्या कारकिर्दीत घडला. मुलांच्या वागण्यात कोणालाही बोट ठेवायला जागा राहू नये, पंचांशी हुज्जत घालू नये, हा मुख्याध्यापक रसेल लेन यांचा जुना दंडक क्रो यांनी पाळला, पण नमते घेऊन खेळण्याची सवय मोडली. पंचांचे निर्णय आपल्या विरुद्ध जाणार हे गृहीत धरून सुरुवातीलाच मोठी आघाडी घ्यायची, म्हणजे अखेरच्या मिनिटातील एखाद्या शिट्टीने सामना हातचा जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. विजय नक्की झाला की प्रेक्षकांतून प्रतिस्पर्ध्यांची थट्टा करणारे ॲटक्सचे ठरलेले गाणे सुरू होई. ते कानावर पडले की सामना संपल्यातच जमा, हे समोरच्या संघालाही कळत असे.

१९५१ मध्ये संघ राज्यातील अखेरच्या चार संघांत पोहोचला. १९५४ मध्ये मिलान या लहानशा गावाच्या शाळेने त्याला वाटेतच हरवले आणि पुढे अजिंक्यपद मिळवले. त्या गावाच्या विजयावर बेतलेला ‘हूजियर्स’ हा चित्रपट १९८६ मध्ये आला. १९५५ मध्ये मात्र ऑस्कर रॉबर्टसन हा असामान्य खेळाडू ऐन भरात होता. मन्सी सेंट्रलविरुद्ध ७१–७० अशा अटीतटीच्या सामन्यात अखेरच्या क्षणी त्याने प्रतिस्पर्ध्यांचा पास मध्येच अडवला आणि संघ तरला. १९ मार्चच्या अंतिम सामन्यात गॅरी शहराच्या रूझवेल्ट या कृष्णवर्णीयांच्याच शाळेवर ९७–७४ अशी मात झाली. सर्वांसाठी खुले असलेले राज्य अजिंक्यपद अमेरिकेत प्रथमच एका संपूर्ण कृष्णवर्णीय शाळेने जिंकले, आणि इंडियानापोलिस शहरालाही ते त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते.

विजेत्या संघाची मिरवणूक अग्निशमन दलाच्या गाडीवरून शहराच्या मध्यवर्ती स्मारक-चौकात न्यायची आणि तेथे जल्लोष करायचा, अशी प्रथा होती. ॲटक्सची गाडी चौकाला वळसा घालून लगेच कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील उद्यानाकडे वळवण्यात आली. रॉबर्टसन यांनी ही सल आयुष्यभर बोलून दाखवली. २०१५ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, त्या संघातील खेळाडूंना शहराच्या वार्षिक संचलनात अग्रभागी मान देण्यात आला.

१९५६ मध्ये संघाने एकही सामना न गमावता अजिंक्यपद राखले. इंडियानाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. १९५७ मध्ये अंतिम सामन्यात पराभव झाला आणि क्रो प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले. १९५९ चे तिसरे अजिंक्यपद बिल गॅरेट यांच्या मार्गदर्शनाखाली आले.

त्यानंतरची उतरण केवळ खेळातील नव्हती. वर्णभेदी शाळांवर राज्याने १९४९ मध्येच कायद्याने बंदी घातली होती, पण अंमलबजावणी रेंगाळली. दरम्यान ॲटक्सचे यश पाहून इतर शाळांनाही कृष्णवर्णीय खेळाडू हवेसे वाटू लागले. त्यामुळे ज्या विजयांनी भिंती खिळखिळ्या केल्या, त्यांनीच ॲटक्सकडे येणारे गुणी खेळाडू अन्यत्र वळवले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. १९८६ मध्ये ॲटक्सचा हायस्कूलचा दर्जा गेला आणि २००६ मध्ये वैद्यकीय शिक्षणाकडे कल असलेली शाळा म्हणून तो परत मिळाला. २०१७ मध्ये, आता शाळांचे विद्यार्थिसंख्येनुसार गट पडलेले असताना, ॲटक्सने आपल्या गटाचे अजिंक्यपद ७३–७१ असे जिंकले आणि विजेत्या मुलांच्या गळ्यात पदके घालायला ऑस्कर रॉबर्टसन स्वतः उपस्थित होते.