कोंबड्याच्या अंगावर कोंबडीची पिसे

सीब्राइट जातीचा कोंबडा भरतो जेमतेम सहाशे ग्रॅम. छाती पुढे, पंख जमिनीकडे झुकलेले, चाल मोठी रुबाबदार. प्रत्येक सोनेरी किंवा चंदेरी पिसाला काळी रेखीव किनार. पण मानेवरची लांब टोकदार पिसे आणि शेपटीतला बाकदार झुपका त्याला नाही. पिसारा अगदी कोंबडीसारखा, आणि तरीही तो आरवतो आणि पिल्लांचा बापही होतो.

ही जात सर जॉन सीब्राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये घडवली. पशुपैदाशीवर त्यांनी १८०९ मध्ये लिहिलेली पुस्तिका डार्विनने बारकाईने वाचली होती.

जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन हे नाव आपल्याला फळमाश्यांवरील प्रयोगांमुळे माहीत आहे. त्यांनी हे कोंबडेही पाळले होते. काही कोंबडे त्यांनी खच्ची केले. खच्ची केलेला नर मादीसारखा दिसू लागेल, अशीच आपली अटकळ असते. घडले उलटेच! नव्याने आलेली पिसे लांब, झुपकेदार, अस्सल कोंबड्याची होती. मॉर्गन यांनी हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. मला तरी हा प्रयोग त्यांच्या माश्यांइतकाच मोलाचा वाटतो.

कोंबड्यांमध्ये भपकेदार पिसारा यायला नर संप्रेरक लागतच नाही. इस्ट्रोजेन हे मादी संप्रेरक नसले की तो आपोआप येतो. अंडाशय निकामी झालेल्या कोंबडीलाही पुढच्या पीसगळीनंतर कोंबड्याची पिसे फुटतात ती म्हणूनच. साधा पिसारा हे इस्ट्रोजेनचे काम.

मग सीब्राइटच्या नरात इस्ट्रोजेन येते कुठून? त्याच्या कातडीतून. अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. इतर जातींमध्ये ते मुख्यतः अंडाशयात असते, सीब्राइटच्या मात्र त्वचेतही भरपूर तयार होते. वृषण काढले की कच्चा मालच संपतो, आणि दबलेला पिसारा उफाळून येतो.

त्वचेतल्या या अरोमाटेजमागे आहे एक जुना विषाणू. कधी काळी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा या पक्ष्यांच्या डीएनएमध्ये, अरोमाटेजच्या जनुकाशेजारी, जाऊन बसला. नको तिथे ते जनुक चालू ठेवणारी कळ त्यानेच पुरवली. बेल्जियमच्या सोनेरी कॅम्पाइन कोंबड्यांमध्येही नेमक्या त्याच जागी तोच तुकडा सापडला आहे. दोन्ही जातींना तो एकाच पूर्वजाकडून मिळाला असणार. म्हणजे सीब्राइट यांनी हा गुण निर्माण केला नाही. तो कुठल्यातरी कोंबड्यात आधीच होता. त्यांच्या नजरेने तो हेरला आणि जपला.