हर्लिंग : भीती काठीची, दुखापत वेगळीच

हर्लिंगचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर काठीवरून हलत नाही. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट पातं असलेली काठी. तिला हर्ली म्हणतात. चेंडूचं नाव स्लिटर. आत बूच, वर चामडं, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या दरम्यान. जोरकस फटका बसला की तो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. वरून येणाऱ्या या चेंडूसाठी चार-पाच जण एकाच वेळी उडी मारतात, कुणी हात वर करतो, कुणी काठी फिरवतो. घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला वाटतं, आज कुणीतरी मरणार.

हा खेळ आयर्लंडचा. आयर्लंड म्हटलं की मराठी माणसाला आधी तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर आठवतात, कारण त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. आता तिथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही कमी नाहीत. त्यांच्या मुलांच्या शाळेत आणि गल्लीतल्या क्लबात हर्लिंगशी गाठ पडतेच, आणि ‘पोराला पाठवू की नको’ हा प्रश्न घरात येतो. त्याचं उत्तर ऐकीव गोष्टींवर ठरू नये, म्हणून हा लेख. हा खेळ धोकादायक आहे, पण धोका आहे तिथे लोक बघत नाहीत, आणि बघतात तिथे तो तितका नाही.

‘काठीनं डोकी फुटतात’

सर्वांत पक्का समज हाच. २००७ ते २०११ या पाच वर्षांत आयर्लंडमधल्या कौंटी संघांच्या खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली गेली. एकूण १,०३० दुखापती. त्यांपैकी ६८.३ टक्के कमरेखाली, म्हणजे मांडी, गुडघा, घोटा, पोटरी इथे. डोकं आणि मान मिळून ४.१ टक्के. पायांच्या दुखापतींमध्ये जवळपास निम्म्या स्नायू ताणल्याच्या. मुंबईच्या मैदानावर धावणाऱ्या फुटबॉलपटूला जे होतं, तेच इथेही होतं. कारण साधं आहे. वरिष्ठ पातळीवरचा खेळाडू सत्तर मिनिटांच्या सामन्यात साडेसात किलोमीटरच्या आसपास धावतो, आणि तेही एकसारखं नाही. भरधाव सुटणं, जागच्या जागी थांबणं, वळणं, उडी मारून खाली येणं असं ते धावणं असतं. त्याच नोंदींत दर चार दुखापतींतली जवळजवळ एक निव्वळ वेगानं धावताना झालेली आहे. खेळाडूशी खेळाडू भिडून झालेल्या ३८.६ टक्के. हा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्याकडे पुढे वळूच.

काठीची खरी शिकार हात असतो. हर्लिंगमधला सर्वांत देखणा क्षण म्हणजे उंच चेंडू हवेत झेलणं. बचावपटू आणि आक्रमक खांद्याला खांदा लावून उभे असतात. चेंडू उतरू लागला की एकाचा रिकामा पंजा वर जातो. दुसऱ्या हातातली हर्ली तो त्या पंजाच्या मागे आडवी धरतो, ढालीसारखी. प्रतिस्पर्धी त्याच क्षणी चेंडूवर काठी फिरवतो, आणि तसं करणं नियमात बसतं. पंजा पाव सेकंद आधी पोचला तर झेल, उशिरा पोचला तर बोट मोडलं. हातांच्या दुखापतींमध्ये ३६ टक्के हाडं मोडल्याच्या निघाल्या, तर पायांच्या दुखापतींमध्ये हेच प्रमाण दीड टक्का होतं. तरीही हातमोजे सक्तीचे नाहीत आणि पुष्कळ खेळाडू ते घालत नाहीत, कारण मोज्यातून चेंडूचा स्पर्श नीट कळत नाही.

आणखी एक आकडा पालकांनी लक्षात ठेवावा. सरावाच्या हजार तासांमागे तीन दुखापती झाल्या, सामन्याच्या हजार तासांमागे सुमारे ६२. म्हणजे दुखापतीला काठीपेक्षा स्पर्धेची ईर्षा जास्त जबाबदार आहे.

‘हेल्मेट आलं, डोक्याची चिंता मिटली’

हा समज मला सर्वांत घातक वाटतो. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशननं, म्हणजे जीएएनं, आधी लहान वयोगटांसाठी आणि १ जानेवारी २०१० पासून सर्वांसाठी जाळीदार हेल्मेट सक्तीचं केलं. त्याआधी वरिष्ठ सामन्यांत उघड्या डोक्यानं खेळणारे कितीतरी नामवंत होते. सक्तीला विरोधही झाला. नजर अडते, घाम येतो, खेळाचा बाणा जातो, असं म्हटलं गेलं. पण डोळा जाणं, दात पडणं, गालाचं हाड मोडणं या दुखापती हेल्मेटमुळे मोठ्या प्रमाणात टळतात. तो निर्णय योग्यच होता.

मात्र हेल्मेट कवटीवरचा आणि चेहऱ्यावरचा घाव अडवतं. मेंदूला बसणारा हादरा ते थांबवू शकत नाही. धावत्या माणसाचं डोकं अचानक थांबलं किंवा झटक्यानं वळलं की मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि बाहेरचं कवच कितीही मजबूत असलं तरी आतली ही हालचाल होतेच. कन्कशन म्हणतात ते हेच. शुद्ध हरपली नाही, रक्त आलं नाही, माणूस उठून धावू लागला, म्हणजे काही झालं नाही, असं मुळीच नाही. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. वर जो ४.१ टक्क्यांचा आकडा दिला, तो वाचतानाही हे ध्यानात ठेवावं. मांडी ताणलेला खेळाडू लंगडतो आणि नोंद होते. डोकं गरगरलेला खेळाडू पुष्कळदा काहीच सांगत नाही.

जाळीबद्दलही एक वाईट सवय रूढ आहे. समोरचं नीट दिसावं म्हणून काही खेळाडू जाळीची एखादी दांडी कापून काढतात किंवा एका कंपनीच्या हेल्मेटला दुसऱ्या कंपनीची जाळी बसवतात. हर्लिंगच्या हेल्मेटसाठी आयर्लंडचं अधिकृत मानक आहे, आय.एस. ३५५. दांड्यांमधलं अंतर त्यात ठरवलं आहे ते हर्लीचं टोक डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून. जाळी बदलली की हेल्मेट त्या मानकात बसत नाही आणि जीएएच्या दुखापत निधीतून भरपाईही मिळत नाही. दातांच्या कवचाबद्दलही गोंधळ असतो. जीएएनं ते गेलिक फुटबॉलमध्ये सक्तीचं केलं आहे, हर्लिंगमध्ये नाही.

‘पूर्वीचा खेळ कौशल्याचा, आताचा धसमुसळा’

म्हाताऱ्या प्रेक्षकांचं हे आवडतं वाक्य. अर्धं खरं आहे.

जुना हर्लिंग मवाळ नव्हता. १९६०च्या दशकात टिपरेरी कौंटीच्या शेवटच्या बचावफळीला ‘हेल्स किचन’ हे नाव पडलं होतं. नरकाच्या त्या स्वयंपाकघरात शिरणाऱ्या आक्रमकाचं काय होत असेल ते नावावरूनच समजावं. त्या काळी गोलरक्षकाला चेंडूसकट जाळ्यात लोटता येत असे. आज त्याच्या छोट्या चौकोनात त्याला अंगानं धडक देता येत नाही. १९९८च्या मन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्याची फेरलढत तर अनेकांना आठवत असेल. पंचानं चेंडू टाकताच क्लेअर आणि वॉटरफर्डच्या खेळाडूंनी काठ्या अशा फिरवल्या की चेंडू बाजूलाच राहिला. क्लेअरच्या कॉलिन लिंचवर नंतर तीन महिन्यांची बंदी आली. आज कुणी तसं करायला धजणार नाही.

बदलली आहे ती धडकेची जात. पूर्वी चेंडू जमिनीवर असताना काठीनं पुढे मारला जायचा आणि धोका मोकळ्या फिरणाऱ्या काठीचा असायचा. आता चेंडू हातात घेऊन पळणं आणि जवळच्या सोबत्याकडे हातानं देणं वाढलं. चेंडू हातात आला की त्या माणसाभोवती तीन-चार जणांचा घोळका होतो. मग निर्णय काठीचा उरत नाही, वजनाचा आणि ताकदीचा होतो. प्रशिक्षक ब्रायन कोडी यांच्या किलकेनीनं २००० ते २०१५ या काळात अकरा वेळा ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं, ते कौशल्याइतक्याच अंगमेहनतीच्या आणि न डगमगता भिडण्याच्या जोरावर. पुढे जॉन कायली यांच्या लिमरिकनं २०१८ आणि मग २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षं बाजी मारली. गिअरोड हेगर्टी, काइल हेज यांसारखे सहा फुटांहून बरेच उंच, व्यायामशाळेत घडलेले आणि तरीही चपळ खेळाडू त्या संघानं मधल्या फळीत उभे केले. इतर कौंट्यांनी त्यातून धडा घेतला नसता तरच नवल.

पण ताकद आली म्हणून खेळ मेला, असं गुणफलक म्हणत नाही. हर्लिंगमध्ये गोलाचे तीन गुण आणि आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक. १९९६च्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात वेक्सफर्ड आणि लिमरिक या दोघांनी मिळून तीस गुण केले. २०२१ मध्ये लिमरिक आणि कॉर्कनं सहासष्ट केले. २०२४ मध्ये क्लेअरनं कॉर्कला जादा वेळेत ३८-३७ असं एका गुणानं हरवलं. खेळाडू धिप्पाड झाले, तसाच त्यांचा नेमही सुधारला.

चिंता वेगळी आहे. तेवढ्याच आकाराच्या मैदानावर जास्त जड माणसं जास्त वेगानं धावत असतील, तर प्रत्येक टकरीतला जोर वाढतो. वेग दुप्पट झाला की टकरीची ऊर्जा चौपट होते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र मैदानावरही लागू पडतं.

‘हर्लिंगमध्ये सगळं चालतं’

नाही. टॅकलबद्दलचा नियम स्पष्ट आहे. योग्य धडक सोडली तर टॅकलचं लक्ष्य चेंडू असावं, खेळाडू नव्हे. योग्य धडक म्हणजे बाजूनं, खांद्याला खांदा, निदान एक पाय जमिनीवर. समोरून छातीवर किंवा मागून पाठीत धडकणं फाउल आहे. जोरानं किंवा इजा होईल अशा रीतीनं हर्ली मारली तर थेट लाल कार्ड. समोरच्याच्या हेल्मेटची जाळी मुद्दाम पकडून ओढली तरी लाल कार्ड, कारण जाळी ओढणं म्हणजे मान पिरगळणं.

गडबड होते ती अंमलबजावणीत. २०१७ मध्ये वॉटरफर्डच्या टाइग डी बुर्काला हेल्मेट ओढल्याबद्दल उपांत्यपूर्व सामन्यात बाहेर काढलं गेलं आणि तो कॉर्कविरुद्धच्या उपांत्य सामन्याला मुकला. त्याच उपांत्य सामन्यात त्याचा सहकारी ऑस्टिन ग्लीसन प्रतिस्पर्ध्याचं हेल्मेट खेचताना कॅमेऱ्यात दिसला, पण कारवाई झाली नाही आणि तो अंतिम सामना खेळला. नियम एकच आणि निकाल दोन, असं झालं की खेळाडू नियमाऐवजी पंचाचा अंदाज घेऊन खेळतात.

२०१९च्या अंतिम सामन्यात किलकेनीच्या रिची होगननं टिपरेरीच्या कॅथल बॅरेटच्या डोक्याशी कोपरानं धडक दिली. पंच जेम्स ओवेन्स यांनी पहिल्या सत्रातच त्याला लाल कार्ड दाखवलं. ‘सामन्याची मजा घालवली’ म्हणून त्यांच्यावर झोड उठली. एक खेळाडू कमी झालेली किलकेनी चौदा गुणांनी हरली, हे खरं. तरी माझ्या मते ओवेन्स बरोबर होते. डोक्यावरचा आघात हा सामना कितवा आणि स्टेडियममध्ये माणसं किती, हे पाहून मोजायचा नसतो. ‘खेळ वाहू द्या’ म्हणून शिट्टी खिशात ठेवणाऱ्या पंचाचं हर्लिंगमध्ये फार कौतुक होतं. घोळक्यात रिकाम्या हातानं समोरच्याला धरून ठेवणं, मानेभोवती हात टाकणं याकडे त्या कौतुकापायी काणाडोळा होतो. नवे नियम करण्याआधी आहेत तेच राबवले, तरी बरंच साधेल. २०२१ मध्ये गोलाची संधी हिरावणाऱ्या मुद्दाम फाउलला पेनल्टी आणि दहा मिनिटं मैदानाबाहेर अशी शिक्षा आली तेव्हाही खेळ संपला अशी ओरड झाली होती. आज ती शिक्षा अंगवळणी पडली आहे.

‘एवढे मोठे खेळाडू, त्यांची काळजी घ्यायला माणसं असतील’

डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांवर प्रेक्षकांसमोर खेळणारा माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा कचेरीत जातो. जीएए हौशी संघटना आहे. खेळण्याचा पगार नाही. तरीही २०१८ मध्ये आयर्लंडच्या ईएसआरआय या संशोधन संस्थेच्या अहवालात कौंटी खेळाडू आठवड्याला ३१ तासांपर्यंत या खेळासाठी देतात असं आढळलं. २०१८ पासून मन्स्टर आणि लेन्स्टर या प्रांतांच्या स्पर्धांत साखळी पद्धत आली आणि मोठे सामने थोड्या आठवड्यांत दाटले. दिवसाची नोकरी, रात्रीचा सराव, रविवारी सामना. ताणलेला स्नायू भरून यायला विश्रांती लागते, आणि नेमकी तीच सर्वांत दुर्मीळ आहे. त्या पाच वर्षांच्या नोंदींत जवळजवळ चौथा हिस्सा दुखापती पुन्हा उलटलेल्या होत्या, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. क्लब पातळीवर आणि मुलांच्या सामन्यांत तर बाजूला डॉक्टर असेलच याची खात्री नसते. तिथे निर्णय प्रशिक्षकाचा आणि पालकाचा.

म्हणून तिथे राहणाऱ्या मराठी आई-वडिलांना एवढंच सांगणं आहे. काठीला भिऊन मुलाला घरी बसवू नका. हेल्मेट आय.एस. ३५५चं आणि मापाचं घ्या, जाळीला हात लावू नका, बोटांसाठी मोजा द्या. आणि डोक्याला मार लागल्यावर मूल ‘मी ठीक आहे’ म्हणालं, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरू देऊ नका. प्रशिक्षक कितीही घाईत असला, सामना कितीही रंगला असला, तरी नाही. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच त्याच्या हातात पुन्हा हर्ली द्या.