चिकंबरीचा गोटा

आमच्या लहानपणी चिमूरचा माणूस नागपूरला दोनच कारणांनी जायचा. एक मेडिकल, दुसरं लग्नाचा बस्ता. काम आटोपलं, परतीच्या गाडीला दोन तास उरले, की सोबतचा एखादा काका म्हणायचा, "चला, पोट्ट्यांना अजब बंगला दाखवून आणू." उपराजधानी पाहणं म्हणजे आमच्यासाठी तेवढंच. विधान भवन बाहेरून, झिरो माइल रस्त्यावरून आणि अजब बंगला आतून.

आत शिरलो की आम्ही दगडांच्या दालनातून अक्षरशः पळत सुटायचो. पेंढा भरलेला वाघ पुढे असतो, हे आम्हाला ठाऊक होतं. घरच्या रानात वाघ असलेल्या गावची पोरं नागपुरात येऊन मेलेला वाघ बघायला धावतात, यात काही चुकतं आहे असं तेव्हा वाटलं नाही. एकदा आजी सोबत होती. तिचं माहेर नागभीडकडचं. ती दगडांपाशीच थांबली आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारू लागली, "हा गोटा कोनाचा जी?" तो म्हणाला, "सरकारचा. हात लावू नका."

ती कोणत्या गोट्यापुढे उभी होती, हे आता सांगता येणार नाही. पण पुढे कित्येक वर्षांनी संशोधक वा. वि. मिराशींचं लेखन हाती आलं आणि त्यात नागभीड तालुक्यातलं देवटेक हे नाव दिसलं, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो आजीचा प्रश्न.

देवटेक हे लहानसं खेडं. तिथल्या जुन्या देवळाजवळ एक लांबलचक शिळा पडलेली होती. तिच्यावर अक्षरं आहेत, हे एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमच्या पुरातत्त्व खात्याच्या लक्षात आलं, आणि पुढे ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात आली. एकाच शिळेवर दोन लेख आहेत. दोन्ही एका वेळचे असते तर एवढं नवल नव्हतं. त्या दोन लेखांच्या मध्ये सुमारे 600 वर्षं आहेत.

असला दगड वाचतात कसा, हे आधी सांगतो, कारण मला त्या कृतीचंच वेड लागलं होतं. उन्हापावसाने झिजलेली अक्षरं नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत. म्हणून दगड घासून, धुऊन स्वच्छ करतात. चिवट कागद ओला करून त्यावर पसरतात आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत राहतात. ठोकता ठोकता कागद प्रत्येक खाचेत उतरतो. तो अर्धवट सुकला की कापडाच्या बोळ्याने वरून शाई थोपटायची. उंच भाग काळा होतो, खाचेत शिरलेला कागद पांढराच राहतो. मग कागद हळूच सोडवायचा. दगडाची अक्षरं पांढरी होऊन हातात येतात, ती टेबलावर मांडून महिनोन् महिने बघत बसता येतं. याला ठसा म्हणतात. धनी नसलेल्या कागदावर दगडाने अंगठा उठवावा, तसं काहीसं.

देवटेकच्या शिळेवरचा जुना लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहे. ही ब्राह्मी फार साधी, जवळजवळ बालवाडीतली. तिचा 'क' म्हणजे गणितातलं अधिकचं चिन्ह. 'ब' म्हणजे चौकोन. 'र' म्हणजे एक उभी रेघ. अनुस्वार तेव्हाही टिंबच. डोक्यावर रेघ नाही, वळणं नाहीत, कुठे नक्षी नाही. वर ठोकताना छिन्नी सरळ चालावी एवढंच बघितलेलं. अक्षरांच्या या वळणावरून हा लेख इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला, म्हणजे अशोकाच्या काळातला ठरतो. अशोकाने आपल्या राज्याच्या तेराव्या वर्षी धर्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले होते. त्यांच्यापैकी कोणाची तरी ही आज्ञा असावी, असं मिराशींनी मांडलं.

आज्ञा काय? प्राण्यांना पकडू नये, मारू नये. जो ऐकणार नाही त्याला दंड. आणि ही आज्ञा पोचवायची कुठे, तर चिकंबरीला.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. आमच्या चिमूर तालुक्यात कोलारा गेट आहे, ताडोब्यात शिरायचं. तिथे गाडीतून उतरू नका, प्राण्यांना त्रास देऊ नका, अशा पाट्या आहेत. ताडोबा 1955 चं, महाराष्ट्रातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान; वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. आमच्या गावांत या कायद्याबद्दल बोलणं निघालं की लोक म्हणतात, हे सगळं आत्ता आत्ता आलं, आमच्या आज्याच्या वेळी असलं काही नव्हतं. आज्याच्या वेळी नसेल. पण याच जंगलाच्या पट्ट्यात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सरकारने पाटी लावलेली होती, तीही दगडाची, दंडासकट! तेव्हाही कोणी तरी ती वाचून मान डोलावली असेल आणि रात्री जाळं घेऊन बाहेर पडला असेल, याबद्दल मला शंका नाही. पकडणारा नसता तर दंड कशाला लिहिला असता?

आता दुसरा लेख. तो वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, चौथ्या शतकातला. तोवर राजवटी बदलल्या, मौर्यांचं नावही कोणाच्या तोंडी उरलं नसेल. रुद्रसेन महाभैरवाचा भक्त. त्याचं धर्मस्थान, म्हणजे देऊळ, इथे आहे हे सांगणारा लेख त्याला कोरायचा होता. नवा दगड आणण्याऐवजी कारागिराने समोरचा तयार दगड घेतला. जुन्या लेखाचा काही भाग छिन्नीखाली गेला. भैरवाच्या भक्ताला प्राणिहत्येच्या बंदीचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं, असं मिराशींनी यावरून सुचवलं आहे. मला मात्र राजापेक्षा तो कारागीर जास्त दिसतो. त्याला जुनी अक्षरं वाचता आली असतील का? 600 वर्षांत लिपी एवढी बदलते की पणजोबाचं पत्र परक्याचं वाटावं. त्याच्या दृष्टीने त्या नुसत्या फुल्या आणि चौकोन असतील. सपाट केले, आपलं काम केलं, मजुरी घेतली.

आणि तरी एक गोष्ट दोन्ही लेखांत सारखी राहिली. रुद्रसेनाच्या लेखातही गावाचं नाव येतं: चिक्कंबुरी. राजा बदलला, देव बदलला, लिपी बदलली, प्राकृत जाऊन संस्कृत आली, पण गावाचं नाव जवळपास तेच. देवटेकच्या शेजारी आजही एक गाव आहे. त्याचं नाव चिकमारा. मिराशींनी बोट ठेवलं ते इथे. चिकंबरी, चिक्कंबुरी, चिकमारा. असं नाव कोणी जपून ठेवत नाही, ते नुसतं वापरात असतं. सून माहेरी जाताना सांगते, बाजाराला आलेला माणूस सांगतो, भांडणात कोणी तरी "चिकमाऱ्याचा तो" म्हणतं, आणि एवढ्यावर ते नाव सव्वादोन हजार वर्षं पार करतं. पाटलीपुत्राला एवढं जमलं नाही. त्याचं पाटणा झालं ते नाव बदलूनच.

हे वाचणारे मिराशी मूळचे आपल्याकडचे नव्हेत, ही त्यातली आणखी गंमत. 1893 चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि विदर्भाच्या दगडांत आणि ताम्रपटांत अडकले ते कायमचे. वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून त्यांनी सिद्ध केलेला जाडजूड ग्रंथ 1963 मध्ये निघाला. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, हे आज शाळकरी मुलंही सांगतात.

अजब बंगला मुळात निघाला कशासाठी, तेही यात बसतं. 1861 मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला, नागपूर राजधानी केली. दोनच वर्षांनी, 1863 मध्ये, रिचर्ड टेम्पल या चीफ कमिशनरच्या पुढाकाराने हे संग्रहालय उघडलं. हौस असेल, पण हिशेबही होता. नव्या प्रांतात नेमकं काय काय आहे, कोणती माती, कोणता दगड, कुठे कोळसा, कोण माणसं, हे राजधानीत बसून कळायला हवं होतं. म्हणजे संग्रहालय ही एक प्रकारची जंगम मालाची यादी. पण लोकांनी त्या यादीला "अजब बंगला" म्हटलं, आणि मला लोकांचं नाव अधिक खरं वाटतं. लाहोरने त्याला अजायबघर म्हटलं, कोलकात्याने जादूघर. सरकारने मोजायला ठेवलेल्या वस्तूंपुढे माणसं सगळीकडे तोंडात बोट घालूनच उभी राहिली.

त्याच 1863 साली सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप वारले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते हे मिशनरी. 1845 पासून खेडोपाडी हिंडून दगड, जीवाश्म आणि गोंडी शब्द गोळा करत. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांचे कागद पुढे टेम्पलनेच संपादून छापले. हिस्लॉपना मांगलीला मिळालेली एक कवटी, बेडकाच्या फार दूरच्या नातेवाइकाची, लंडनला गेली. तिथे रिचर्ड ओवेनने तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. म्हणजे नागपूर ही राजधानी खरी, पण राजधानीलाही राजधानी होती. 1870 मध्ये बालाघाटकडच्या गुंगेरियाला गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीत तांब्याचं घबाड लागलं: 424 तांब्याची हत्यारं आणि चांदीचे 102 पत्रे. त्याचीही वाटणी झाली. काही अजब बंगल्यात, काही ब्रिटिश म्युझियममध्ये. त्या दोन गुराख्यांना काय मिळालं असेल, हे एकाही लेबलवर लिहीत नाहीत.

आपल्याकडून राजधानीत काय पोचतं आणि काय पोचू देत नाहीत, याचा चिमूरला अनुभव आहे. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, गावात गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले, आणि मग फौज येऊन जे झालं त्याची बातमी छापायला बंदी घातली गेली. गांधीजींचे अनुयायी प्रा. भणसाळींनी त्यासाठी 63 दिवसांचं उपोषण केलं, ते 12 जानेवारी 1943 ला सुटलं. त्याआधी 6 जानेवारीला देशभरच्या कित्येक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. चिमूरची बातमी दिल्लीत पोचली ती कोऱ्या दिवसाच्या रूपाने.

झिरो माइलचंही पाहा. हा खांब भारताचा मध्यबिंदू, असं आम्हाला शाळेच्या सहलीत घोकवलं. शेजारचा लहान दगड 1907 च्या उंची मोजणीच्या सर्वेक्षणाचा आहे, समुद्रसपाटीपासून इथली उंची किती ते सांगणारा. खांबाच्या बुंध्याच्या बाजूंवर मात्र गावांची अंतरं कोरली आहेत: हैदराबाद, जबलपूर, शिवनी, आणि आपलं चांदा, 125 मैल. आजच्या रस्त्याने चंद्रपूर एवढं लांब नाही. तेव्हाची वाट फिरून जात असणार. चिमूर तिथे नाही, चिकमारा तर नाहीच. राजधानीच्या दगडावर जिल्ह्याची नावं असतात, खेड्याचं नाव यायला मौर्यांचं सरकार लागतं.

गमतीची गोष्ट अशी की संग्रहालयात जाईपर्यंत देवटेकची शिळा एका जागी पडून होती आणि राजधान्याच तिच्याभोवती फिरत होत्या. पाटलीपुत्र झालं, नंदिवर्धन झालं, गोंडांचं चांदा झालं, भोसल्यांचं नागपूर झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला प्रांताची राजधानी भोपाळला गेली, आणि त्याच दिवसापासून आम्ही मुंबईचे. नागपूर कराराने हिवाळ्यात थोडे दिवस मंत्री नागपुरात येतात, तेव्हा विधान भवनाला रंग लागतो आणि सीताबर्डीवर मोर्चे निघतात. अजब बंगला तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अधिवेशनाला आलेले मोर्चेकरी दुपारी तिकीट काढून आत जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे. गळ्यात पंचा, छातीवर बिल्ला, आणि वाघापुढे शांत उभे.

नागभीडहून नागपूरला पूर्वी छोटी लाईन होती, अडीच फूट रुंदीची, भिवापूर-उमरेडवरून. 2019 मध्ये ती मोठ्या लाईनसाठी बंद केली. तसल्या गाड्यांची इंजिनं आता नागपुरातच मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात उभी आहेत. आजी माहेराहून नागपूरला यायची ती त्या गाडीने. म्हणजे तिची गाडीसुद्धा आता सरकारी दालनात गेली, हात लावू नका म्हणून.

मागच्या महिन्यात एका नातेवाइकाच्या कामासाठी चिकमाऱ्याचा सातबारा पाहिला. वर गाव, तालुका, जिल्हा, खाली गट नंबर. गावाच्या रकान्यात चिकमारा, बाजूला तलाठ्याचा शिक्का. आजी असती तर तिला तो कागद दाखवून सांगितलं असतं, गोटा सरकारचाच होता, पहारेकरी बरोबर बोलला. नाव मात्र तिच्या माहेरच्या मुलखाचं.