नेमका कोणता कायोटी?

कुरणात कोकरू मरून पडलेले दिसले, की सापळा उचलण्याआधी सुरी उचलावी लागते. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या मेंढीवाल्यांसाठी काम करणारा जाणता ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणारा, आधी त्या कोकराच्या मानेची कातडी सोलून मागे ओढतो. चावा जिवंतपणी बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेले असते. मेल्यावर कोणी लचके तोडले असतील तर दातांची भोके दिसतात, पण रक्त उतरलेले नसते. कोकरू मुळात मेलेलेच जन्मले होते का, हे फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला की कळते. ज्याने एकदाही श्वास घेतला नाही, त्याचे फुप्फुस बुडते. खुरांच्या टोकांवरचे मऊ आवरण झिजलेले नसेल तर ते कोकरू चाललेच नाही, पोटात दूध नसेल तर ते आईला लुचलेच नाही. या सगळ्यातून पार झाल्यावर मारेकऱ्याचा प्रश्न येतो. कायोटी बहुधा जबड्याच्या मागे गळा धरतो. बॉबकॅट मानेवर, कवटीच्या मुळाशी चावतो. त्याच्या सुळ्यांमधले अंतर कमी असते, खांद्यावर नख्यांचे ओरखडे असतात आणि उरलेले शव तो पुष्कळदा पालापाचोळा ओढून झाकतो. मोकाट कुत्रे मात्र मिळेल तिथे फाडतात आणि खातात कमीच. हिंस्र प्राण्यांच्या नियंत्रणातले सगळ्यात मोलाचे काम इथे, सापळा जमिनीत जाण्याआधीच होते, आणि नेमके तेच सरकारी धोरण सर्रास वगळते. धोरण विचारते, किती मारले. मेंढीवाल्याचे नुकसान मात्र कोणता मेला, कुठे आणि कधी, यावर ठरते.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा उत्तर अमेरिकेतला प्राणी, वजनाने साधारण नऊ ते सोळा किलो. बॉबकॅट हे तिथले आखूड शेपटीचे रानमांजर. यांच्यासकट सगळ्याच शिकारी प्राण्यांविरुद्ध अमेरिकी संसदेने 1915 मध्ये सव्वा लाख डॉलर मंजूर केले, 1931 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि आज कृषी खात्याचा ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ हा विभाग एकट्या कायोटीचे दरवर्षी साठ हजारांच्या आसपास बळी घेतो. यात खाजगी शिकारी आणि ट्रॅपर धरलेले नाहीत. शंभर वर्षांहून जास्त चाललेल्या या मोहिमेचे फलित काय? लांडगा याच मार्गाने जवळजवळ संपला. कायोटी 1900 च्या सुमाराला मुख्यतः पश्चिमेकडच्या माळरानांवर आणि वाळवंटी मुलखात होता. आज तो हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे आणि दक्षिणेला पनामापर्यंत पोचला आहे. लांडगा गेल्याने त्याची वाट मोकळी झाली हे खरे. पण ज्या प्राण्याला मारण्यावर एवढा खर्च झाला तोच पसरला, याचे कारण त्याच्या घरच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

कायोटीची हद्द एका जोडीच्या मालकीची असते. त्या हद्दीत पिल्ले फक्त तीच जोडी घालते. सोबत असलेली मागच्या वर्षीची पोरे बहुधा वीत नाहीत, आणि बेघर, तरुण कायोटी अशा हद्दींच्या कडेकडेने फिरत संधीची वाट पाहत असतात. जोडीतला एक मेला की एसटीतली खिडकीची जागा जितका वेळ रिकामी राहते तितकाच वेळ ती हद्द रिकामी राहते. शिवाय संख्या घटली की उरलेल्यांना खायला जास्त मिळते, माद्या लवकर वितात, आणि टेक्सासमधल्या नोंदींनुसार एका वेतातल्या पिल्लांची संख्याही वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी 1975 मध्ये गणित मांडून दाखवले, की दरवर्षी पंचाहत्तर टक्के कायोटी मारत राहिले तरी ते संपायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. एवढ्या प्रमाणात एवढ्या मोठ्या मुलखात कोणीही मारू शकत नाही. थोडक्यात, सरसकट मारण्याने संख्या कमी होत नाही. तरीही नुकसान कमी होऊ शकते, कारण संख्या आणि नुकसान यांचा संबंध समजतो तितका सरळ नाही.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो काउंटीमधल्या हॉपलंड इथे, विद्यापीठाच्या मेंढी संशोधन केंद्रावर. तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा किती कायोटी मारले आणि किती कोकरे गेली, यांत संबंध सापडेना. रेडिओ पट्टे लावून पाहिल्यावर कळले की मेंढ्या मारणारे जवळजवळ सगळे कायोटी हद्दीचे मालक, विणाऱ्या जोडीतले होते. आणि सापळ्यात सापडत होते ते प्रामुख्याने तरुण, बेघर. म्हणजे सापळे भरत होते आणि मारेकरी सुटत होते. पुढे त्याच केंद्रावर मेंढ्यांच्या कुरणावर हद्द असलेल्या जोड्यांनाच वेचून मारले, तेव्हा कोकरांचे मरणे थांबले किंवा खूप घटले. नवी जोडी स्थिरावेपर्यंत हा दिलासा टिकला. कोकरे लहान असण्याचा हंगाम निघून जायला तेवढा वेळ पुष्कळदा पुरतो. त्याच्याही आधी, 1983 मध्ये, टिल आणि नोल्टन यांनी वायोमिंगमध्ये कायोटींची बिळे शोधून फक्त पिल्ले काढून टाकली, आई-बापांना हात लावला नाही, तरी कोकरांवरचे हल्ले नव्वद टक्क्यांच्या घरात घटले. पिल्लांची पोटे भरायची असतात म्हणून आई-बाप मोठ्या शिकारीकडे वळतात. यूटामध्ये कायोटींची नसबंदी करून पाहिली तेव्हाही हेच दिसले: पिल्ले नसलेल्या जोड्यांनी कितीतरी कमी कोकरे मारली.

मालक सापळ्यात का येत नाही, हे सापळा कसा लावतात ते पाहिल्यावर कळते. नेहमीची पद्धत अशी: वाऱ्याची दिशा पाहून जमिनीत हातभर खोल, तिरके बीळ खणायचे, जणू एखाद्या कोल्ह्याने अन्न पुरून ठेवले आहे. तळाशी कुजलेल्या मांसाचा तुकडा आणि ग्रंथींपासून केलेला उग्र अर्क टाकायचा, बाजूला कायोटीचे मूत्र शिंपडायचे. बिळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, मध्यरेषेच्या जरा बाजूला, जबड्याचा सापळा बसवायचा, कारण कायोटी बिळात डोकावतो तेव्हा त्याचा पंजा तिथे पडतो. सापळा रंगाच्या पाण्यात उकळून मेणात बुडवलेला, हातात मोजे, गुडघ्याखाली कापड. माणसाचा आणि गंजाचा वास राहता कामा नये. जबड्यांमधल्या तबकडीखाली माती जाऊ नये म्हणून वर कागद, त्यावर चाळलेली कोरडी माती. सापळा जमिनीत इतका घट्ट बसवायचा की पंजाखाली तो किंचितही डुगडुगू नये. डुगडुगला तर कायोटी तो उकरून बाहेर काढतो आणि निघून जातो. तबकडीवर दीड-दोन किलोंचा भार पडल्याखेरीज चाप सुटू नये असा ताण ठेवला, की स्कंकसारखा छोटा प्राणी किंवा लहान खोकड त्यावरून सुखरूप जातो. हे सगळे चोख केले तरी एक अडचण उरतेच. आपल्या हद्दीतली प्रत्येक ढेकूळ ओळखणाऱ्या जोडीला काल नसलेले बीळ आज दिसते. उपऱ्याला सगळेच नवे असते, तो वासामागे जातो. कॅलिफोर्नियातच कॅमेरे लावून केलेल्या एका अभ्यासात हद्दीचे मालक स्वतःच्या हद्दीत एकदाही टिपले गेले नाहीत. म्हणून जाणता ट्रॅपर जास्त सापळे लावत नाही. तो मेलेल्या कोकरापासून निघालेला माग धरतो, पहाटे आरोळ्या ऐकून बीळ कुठे असेल ते ठरवतो, आणि कुंपणाखालून जाण्याच्या त्यांच्या रोजच्या वाटेवर, कसलाही वास न लावता सापळा पुरतो.

महाराष्ट्राने याचाच एक धडा वेगळ्या प्राण्याबाबत घेतला आहे. जुन्नरमध्ये 2001 नंतर बिबटे पिंजऱ्यात पकडून दूर सोडण्याची मोहीम निघाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले मोहिमेच्या काळात 17 वर गेले. पिंजऱ्यात आला तो हल्लेखोर, असे तिथेही गृहीत धरले गेले होते.

मेंढीवाल्यांचा आक्षेप मात्र नीट ऐकायला हवा. ते म्हणतात, थंडीत विमानातून कायोटी टिपले तर उन्हाळ्यात कोकरे वाचतात, हे आम्ही पाहिले आहे. ते बरोबर आहे. वॅग्नर आणि कनोव्हर यांच्या 1999 च्या अभ्यासात यूटा-आयडाहोच्या डोंगराळ चराईत असेच आढळले. पण तिथे काय झाले? मेंढ्या जिथे येणार त्याच कुरणांवर, वीण सुरू होण्याच्या तोंडावर, तिथे मुक्काम असलेल्या प्रौढ कायोटींना मारले गेले. हा पुरावा सरसकट मारण्याच्या बाजूचा नसून जागा आणि वेळ साधण्याच्या बाजूचा आहे. दुसरे उदाहरण टेक्सासच्या एडवर्ड्स पठाराचे देतात, जिथे मेंढ्या-शेळ्यांच्या मुलखातून कायोटी कित्येक दशके जवळजवळ हद्दपार झाला होता. तेही खरे. फक्त त्यासाठी सलग रँचेसना जाळीची कुंपणे होती, शेजारी-शेजारी एकजुटीने काम करत होते आणि विष मुबलक होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1972 मध्ये सरकारी जमिनींवर ते विष थांबवले, रँचेसचे तुकडे पडले, पुष्कळ जमीन मेंढ्या न पाळणाऱ्यांच्या हाती गेली. ती परिस्थिती आता परत आणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे, सापळाच नको. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1998 मध्ये जबड्याच्या सापळ्यांवर बंदी घातली, न्यू मेक्सिकोने 2021 च्या कायद्याने सार्वजनिक जमिनींवरून सापळे हटवले. या बाजूचा राग समजण्यासारखा आहे. नेवाडात सापळा तपासायला 96 तासांपर्यंत मुभा आहे. चार दिवस पाय अडकवून प्राणी ठेवणे याला नियंत्रण म्हणता येत नाही, आणि रोज फेरी मारता येत नसेल त्याने सापळा लावूच नये. पण निव्वळ राखण्या कुत्र्यांवर आणि कुंपणांवर सगळे निभेल हे म्हणणे लहान रँचपुरते खरे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीने 2000 च्या सुमाराला सरकारी ट्रॅपरचा करार सोडून कुत्री आणि कुंपणांना पैसे दिले, आणि तिथल्या बंदिस्त, हिरव्या कुरणांवर ते बऱ्यापैकी चालले. वायोमिंगच्या उघड्या माळावर हजारभर मेंढ्यांच्या कळपाला कुंपण घालणार कुठे? तिथे ग्रेट पिरेनीज किंवा अकबाश जातीची कुत्री लागतातच, त्यांच्या खर्चात सरकारने वाटा उचलावा. तरीही एखादी जोडी कुत्र्यांना चुकवायला शिकते. तेव्हा त्या जोडीसाठी माणूस पाठवावाच लागतो, आणि विमान किंवा जमिनीत पुरलेल्या, सायनाइड उडवणाऱ्या नळीपेक्षा नेमक्या वाटेवरचा, रोज तपासलेला, रबर लावलेल्या जबड्यांचा सापळा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. अशाच नळीतल्या सायनाइडने 2017 मध्ये आयडाहोच्या पोकाटेलोत एका मुलाला विषबाधा झाली आणि त्याचा कुत्रा गेला.

बॉबकॅटला या हिशेबात आणणेच मुळात चूक आहे. तो ससे आणि उंदीर खाऊन जगतो. कोकरू किंवा कोंबडी क्वचित. वासापेक्षा नजरेवर चालणारा हा प्राणी टांगलेल्या पिसामागे येतो, जमिनीवर ठेवलेल्या काटक्यांमधून नेमका पाय टाकतो, म्हणून पकडायला कायोटीपेक्षा सोपा. टेक्सासमध्ये त्याला वर्षभर कधीही मारता येते. पण सापळ्यांमागे खरा जोर त्याच्या ठिपकेदार पोटाच्या कातड्याचा आहे, ज्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली नोंदवावा लागतो. धंदा म्हणून ज्याला तो करायचा आहे त्याने तसे सांगून करावा. मेंढ्यांच्या नावावर नको.

राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकेत 1942 मध्ये साडेपाच कोटींहून जास्त मेंढ्या होत्या, आता पन्नास लाखांच्या आसपास आहेत. किम बर्गर यांनी 2006 मध्ये आकडे तपासले तेव्हा या घसरणीचा मेळ हिंस्र प्राण्यांपेक्षा गवताचे भाव, मजुरी आणि कोकरांचा बाजारभाव यांच्याशी बसला. कायोटीमुळे एखाद्या रँचचे कंबरडे मोडू शकते, हे मान्य करूनही धंद्याच्या दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. तरी यूटाने 2012 मध्ये हरणांच्या नावाखाली प्रत्येक कायोटीमागे 50 डॉलरचे बक्षीस ठेवले. कानांसकट टाळू आणि खालचा जबडा आणून द्यायचा, पैसे घ्यायचे. कायोटी कुठला, हद्दीचा मालक की भटका, जवळपास एकही कोकरू किंवा पाडस होते की नाही, याच्याशी बक्षिसाला देणेघेणे नाही. शेजारच्या आयडाहोत कायोटी काढून टाकण्याचा हरणांच्या संख्येवर म्हणावा असा परिणाम होत नाही, हे 2011 मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासाने आधीच दाखवले होते. हे बक्षीस बंद करावे. त्या पैशातून मेंढ्या विण्याच्या महिन्यांपुरते, कुरणागणिक ट्रॅपर नेमावेत, आणि आधी मेलेले कोकरू तपासून लिहिलेली नोंद दाखवल्याशिवाय त्यांना एकाही जनावराचे पैसे देऊ नयेत.